उत्खननाचा जाहीर हिशेब

मातीचा थर एकदा उकरला की तो पुन्हा जसाच्या तसा रचता येत नाही. म्हणून उत्खनन करणाऱ्याने जे पाहिले ते लिहून, छायाचित्रांसह लोकांपुढे ठेवले नाही, तर त्याने ते पाहिले आणि नाहीसे केले, असेच म्हणावे लागते. कामगार संघटनेत आम्ही वर्गणीच्या पैशाचा हिशेब भरसभेत वाचतो. ज्ञानाचा हिशेबही तसाच मांडला पाहिजे. न मांडल्याने काय होते आणि मांडल्याने काय होते, हे सिंधू संस्कृतीच्या शोधात स्पष्ट दिसते.

पंजाबात हडप्पा येथे जुन्या विटांचे प्रचंड ढिगारे होते. एकोणिसाव्या शतकात लाहोर-मुलतान लोहमार्गाच्या ठेकेदारांनी त्या विटा रुळांखाली भरण्यासाठी नेल्या. सुमारे १०० मैल मार्गाला पुरेल इतका हा माल होता, असे अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी नमूद केले आहे. विटा वाहणाऱ्या मजुराला त्यांचे मोल कोणी सांगितले नव्हते. सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हते. कनिंगहॅम यांनी तेथील एक मुद्रा १८७५ मध्ये प्रसिद्ध केली, पण तीवरील अक्षरे परकी समजून ते पुढे गेले. सरकारी अहवालात ती मुद्रा जवळजवळ पन्नास वर्षे पडून राहिली.

सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाचे कार्यालय पुण्यात होते. या विभागाचे देवदत्त रामकृष्ण भांडारकर १९११-१२ मध्ये मोहेनजोदडोला गेले. ते अवशेष सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचे असावेत, असे त्यांना वाटले. एवढा विद्वान माणूसही एकट्याच्या नजरेने फसू शकतो! पुढे त्याच विभागाचे राखालदास बॅनर्जी यांनी १९२२ मध्ये तेथे उत्खनन सुरू केले. त्याआधी १९२१ मध्ये दयाराम साहनी यांनी हडप्पा खणावयास घेतले होते. दोन्ही ठिकाणांत सहाशे किलोमीटरहून अधिक अंतर. पण वस्तू शेजारी शेजारी ठेवताच त्या एकाच घराण्याच्या निघाल्या.

खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी यापुढे जे केले ते विशेष आहे. सगळे उलगडेपर्यंत ते थांबले नाहीत. २० सप्टेंबर १९२४ रोजी ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या सामान्य वाचकांच्या सचित्र साप्ताहिकात त्यांनी मुद्रांची चित्रे छापली. ती लिपी कोणालाच वाचता येत नव्हती आणि हे त्यांनी लपविले नाही. आठवडाभरात ए. एच. सेस या पंडितांचे उत्तर छापून आले: इराणातील सुसा येथील वस्तूंशी यांचे साम्य आहे. त्यानंतर गॅड व सिडनी स्मिथ यांनी सुमेरशी तुलना केली. इराकमधील किश येथे खणणाऱ्या अर्नेस्ट मॅके यांनी तशीच मुद्रा सापडल्याचे कळविले. तेथील थरांचा काळ ठाऊक असल्याने आपल्या इतिहासाचा आरंभ इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकापर्यंत मागे गेला. पन्नास वर्षांत जे कोडे हलले नव्हते, ते काही आठवड्यांत हलले.

तरी हिशेब पुरा झाला नाही. मार्शल यांचा तीन खंडांचा ग्रंथ १९३१ मध्ये निघाला; पण ज्यांनी तेथे पहिली कुदळ मारविली त्या बॅनर्जी यांचा स्वतःचा अहवाल त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. ते १९३० मध्ये वारले. अहवाल १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी प्रत्यक्ष टोपल्या वाहिल्या, त्यांची नावे तर कोणाच्याच तोंडी नाहीत.

आणि शोध नेहमी विद्वानांच्याच हातून लागतो असे नाही. आपल्या प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ मध्ये झुडपाचे मूळ खणताना एका कष्टकऱ्याला चार कांस्यशिल्पे मिळाली: रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. मोडीच्या भावाने ती गेली असती, तर आपण काय गमावले हेही आपल्याला कळले नसते. ज्याच्या हाती कुदळ आहे, त्याला मातीतल्या वस्तूचे मोल त्याच्या भाषेत सांगणे, हे उपकार नव्हेत. तो संशोधनाचाच भाग आहे. पंडितांनी अहवाल वेळेवर छापावेत, संग्रहालयांनी मराठीत पाट्या लावाव्यात आणि आपण नागरिकांनी ते मागून घ्यावे. भूमीखालचा ठेवा सर्वांचा आहे. त्याचा हिशेब मागण्याचा हक्कही सर्वांचाच आहे.