निर्मलचं पोलाद, गॅसची भट्टी आणि आपल्या गावचा लोहार



निर्मल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? लाकडी खेळणी आणि निर्मल पेंटिंग. आदिलाबादच्या प्रत्येक मराठी घरात शोकेसमध्ये निर्मलची एखादी तरी वस्तू असतेच. पण याच निर्मलच्या आसपासच्या मातीतून कधीकाळी जी गोष्ट जगभर जायची, तिची आठवण आपल्या फार थोड्या घरांत आहे. ती म्हणजे पोलाद.

इतिहासाच्या पुस्तकांत ज्या ‘दमास्कस’च्या तलवारींचं कौतुक वाचतो, त्यांचं पोलाद मुळात आपल्या दख्खनचं. सतराव्या शतकात हिऱ्यांचा फ्रेंच व्यापारी ताव्हर्निए गोवळकोंड्याच्या मुलखात फिरला. नक्षी उठणारं पोलाद याच राज्यातून येतं, असं त्याने लिहून ठेवलंय. इंग्रज या पोलादाला ‘वूट्झ’ म्हणायचे. पोलादासाठी कानडी-तेलुगूत ‘उक्कु’ हा शब्द आहे, त्याचाच हा अपभ्रंश असं मानतात. आपला ‘पोलाद’ हा शब्द फारसीतून आला. म्हणजे विकणाऱ्याचा शब्द एक आणि विकत घेणाऱ्याचा दुसरा, आणि दोन्ही आपल्याकडे राहिले.

आता गावांची नावं सांगतो. निर्मलच्या पूर्वेला दिमदुर्ती आहे, 2016 पर्यंत हा सगळा भाग आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातच होता. तिथल्या चुंबकी लोहखनिजाचा उल्लेख निजाम काळातल्या जुन्या इंग्रजी ग्रंथांत दमास्कसच्या पोलादाच्या संदर्भात येतो. आणि गोदावरीच्या पलीकडे, आजच्या निजामाबाद जिल्ह्यात, कोनसमुद्रम नावाचं गाव आहे. लोखंडाचं पोलाद व्हायचं ते तिथं. पोलाद विकत घ्यायला इराणचे व्यापारी इतक्या लांब या गावात येऊन मुक्काम करायचे!

हे आपल्याला कळलं ते हेन्री व्हॉयसी या माणसामुळे. मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात तो डॉक्टर आणि भूगर्भतज्ज्ञ म्हणून काम करत होता. 1824 मध्ये तो वारला. कोनसमुद्रमच्या पोलादाबद्दलचं त्याचं टिपण 1832 मध्ये, म्हणजे मरणानंतर, छापून आलं. दोन वेगवेगळ्या ठिकाणचं लोखंड ठरलेल्या प्रमाणात मातीच्या मुशीत घालायचं, मूस बंद करायची, भट्टीत ठेवायची आणि रात्रंदिवस भाते चालवायचे. मूस थंड झाल्यावर फोडली की आत पोलादाची वडी. ती फार कडक असे, म्हणून पुन्हा पुन्हा मंद आचेवर तापवून मऊ करायची. तिथं व्हॉयसीला इस्फहानचा एक व्यापारी भेटला. आमच्याकडे असं पोलाद करायचा प्रयत्न झाला, पण जमलं नाही, असं त्याने सांगितलं.

युरोपलाही याचं वेड लागलं होतं. 1790 च्या दशकात मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे या पोलादाचे नमुने पाठवले. 1795 मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला. पुढे 1819 च्या सुमारास मायकेल फॅरडेने याच पोलादाचं पृथक्करण केलं. विजेच्या शोधांमुळे फॅरडे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे, पण त्याचे वडील लोहार होते हे किती जणांना माहीत आहे?

तिकडच्या लोहारांना या वडीनं चांगलंच रडवलं, आणि आजच्या पोस्टचा मुद्दा त्यातच आहे. त्यांना साध्या लोखंडाची सवय. ते पांढरंफटक होईपर्यंत तापवायचं आणि घण घालायचा. आपल्या वडीत कार्बन साधारण दीड टक्का, म्हणजे साध्या लोखंडाच्या कितीतरी पट. ती तेवढी तापवली की घणाखाली तिचा भुगा व्हायचा. तिला लाल-केशरी रंगावरच, हळूहळू, पुन्हा पुन्हा तापवून वाढवावं लागतं. थोडक्यात, आग त्यांच्याकडेही भरपूर होती. आग कुठं थांबवायची हे मात्र आपल्याकडच्या माणसांना ठाऊक होतं.

मग हे गेलं कुठं? एकदम कोणी बुडवलं असं नाही. तलवारींचे दिवस सरले. शेफील्डचं पोलाद आधीपासून होतंच. 1856 नंतर बेसेमरच्या पद्धतीने पोलाद टनावारी निघायला लागलं आणि आगबोटीतून इकडे येऊ लागलं. आपल्याकडे पोलादाच्या एका वडीमागे ढीगभर लाकडी कोळसा लागायचा, आणि जंगलं राखीव होत गेली तसा तो महागला. गिऱ्हाईक गेलं आणि भट्ट्या विझल्या. पोरं दुसऱ्या कामाला लागली. दोन पिढ्यांत सगळं विसरलं, कारण कागदावर काहीच नव्हतं. जे होतं ते हातात आणि डोळ्यांत होतं. 2010 मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेच्या शारदा श्रीनिवासन आणि इंग्लंडच्या एक्झिटर विद्यापीठाच्या गिल जुलेफ यांच्या पथकाने उत्तर तेलंगणात गावोगाव फिरून पाहणी केली. कित्येक गावांच्या कडेला लोहकिटाचे ढीग आणि मुशींची खापरं अजून पडलेली आहेत. शेतात नांगर धरणाऱ्याला तो काळा, जड, भोकाभोकांचा दगड वाटतो. तो दगड नाही बरं का.

तलवारीचं पोलाद गेलं, पण गावचा लोहार राहिला. आपल्या आजोबा-पणजोबांचं सगळं शेत त्याच्यावरच चालायचं. नांगराचा फाळ, वखराची पास, डवरा, विळा, कुऱ्हाड, बैलगाडीच्या चाकाची धाव, सगळं त्याच्याच भात्यासमोर. पैसे रोख कोण देत होतं? सुगीला ज्वारीचं बलुतं. किनवट आणि राजुरा 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते, त्यामुळे सोयरीक आणि बाजार तर एक होताच, अवजारंही एकच होती. आपण लोहार म्हणतो, तेलुगू शेजारी कम्मरी म्हणतात. आपली भट्टी, त्यांची कोलिमी. आपली कुऱ्हाड, त्यांची गोड्डली. पण आमच्याकडच्या कित्येक गावांत भट्टीपुढे दोन्ही भाषा एकाच वाक्यात चालायच्या. शिवाय उन्हाळ्यात बिऱ्हाड घेऊन घिसाडी यायचे. रस्त्याच्या कडेला पाल पडायचं. नवरा सांडशीने लोखंड धरायचा आणि बायको दोन्ही हातांनी घण घालायची. ‘साधी माणसं’ (1965) मधलं ऐरणीचं गाणं रेडिओवर लागलं की आपल्याकडच्या लोकांना तेच पाल आठवायचं.

आता जरा अमेरिकेत चला. फ्लोरिडा राज्यात आल्फ्रेड पेंड्रे नावाचा एक नालबंद होता. घोड्यांना नाल ठोकायचे आणि हौस म्हणून सुऱ्या घडवायच्या. त्याला या जुन्या पोलादाचा नाद लागला. आयोवा स्टेट विद्यापीठातले धातुशास्त्राचे प्राध्यापक जॉन व्हर्होवेन त्याला येऊन मिळाले. 1990 च्या दशकात दोघांनी गॅसच्या भट्टीत मुशी तापवून वड्या केल्या, त्या घडवल्या आणि ती लाटांसारखी नक्षी पुन्हा उठवून दाखवली. लोखंडात व्हॅनेडियमसारखा एखादा धातू अगदी चिमूटभर असेल तरच वारंवार तापवून-ठोकून ती नक्षी उठते, असं त्यांना दिसलं. तसं खनिज संपलं आणि लोहारांचे हात तेच असूनही नक्षी उठेना, असं झालं असावं, हा त्यांचा अंदाज. (आज ऑनलाइन ‘दमास्कस’ म्हणून ज्या सुऱ्या विकतात, त्या बहुतेक दोन प्रकारच्या पोलादांचे थर जोडून केलेल्या असतात. छान असतात, पण ते हे पोलाद नव्हे.)

म्हणजे प्रोफेसरला जे प्रयोगशाळेत एकट्याने सापडलं नसतं, ते हौशी नालबंदाच्या हातांनी सापडलं. आणि भट्टी होती गॅसची.

हे सांगायचं कारण म्हणजे तशी भट्टी आता आपल्या घरांतही यायला लागलीय. माझ्या भाच्याने व्हिडिओ पाहून एक केली. पत्र्याचा डबा, आत सिरॅमिक ब्लँकेटचे दोन थर, त्यावर उष्णता सहन करणाऱ्या सिमेंटचा लेप आणि बाजूने बर्नर. बर्नरच्या बारीक छिद्रातून गॅस जोरात सुटतो आणि जाताना स्वतःच हवा ओढून घेतो, भाता लागत नाही. दहा-पंधरा मिनिटांत आतली पोकळी केशरी होते. ज्यांच्या पोरांना हौस आहे त्यांनी एवढं मात्र पाहावं: घरगुती सिलिंडर यासाठी वापरायला कायद्याने बंदी आहे, व्यावसायिकच घ्यायचा. जुना सिलिंडर कापून भट्टी करायच्या भानगडीत पडू नका. भट्टी उघड्यावर पेटवायची, कारण तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. आणि लेप न देता ब्लँकेट तसंच ठेवलं तर त्याचे तंतू छातीत जातात.

भाच्याने गाडीच्या जुन्या कमानपट्ट्याचा तुकडा घेतला आणि सुरी ठोकली. दिसायला झकास. पण कधी वाकायची, कधी टोक तुटायचं. शेवटी त्याला घेऊन आमच्या गावच्या लोहारबाबांकडे गेलो. वय सत्तरीच्या पुढचं, भट्टी आता आठवड्यातून दोनदाच पेटते.

“बाबा, किती डिग्रीला पाणी द्यायचं?” भाच्याने विचारलं.

“डिग्री काय करतं बाबू, रंग पाह्य ना,” बाबा म्हणाले. “आन् उन्हात नोको पाहू. सावलीत ये.”

किती साधी गोष्ट! उन्हात तापलेलं लोखंड आहे त्याहून थंड दिसतं, म्हणून माणूस जास्त तापवतो. म्हणूनच जुनी लोहारशाळा अंधारी असायची. आपल्याला वाटायचं गरिबीमुळे खिडकी नाही.

मग त्यांनी छिन्नी करून दाखवली. टोक लाल केलं आणि फक्त तेवढंच टोक पाण्यात बुडवलं. बाहेर काढून पटकन दगडावर घासून चकचकीत केलं. मागच्या भागातली उष्णता हळूहळू टोकाकडे येते आणि त्या चकचकीत जागेवर रंग धावतात. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. हवा तो रंग टोकावर आला की पुन्हा पाण्यात. पिवळ्यावर थांबलं तर धार कडक, निळ्यापर्यंत गेलं तर लवचीक. पुस्तकात याला साधारण 220 ते 300 अंश सेल्सिअस म्हणतात. बाबांनी आयुष्यात थर्मामीटर पाहिला असेल तो फक्त दवाखान्यात. कमानपट्ट्याला मात्र पाणी नको, तेल दे, असंही त्यांनी सांगितलं. पाण्यात तडकतो.

आपण मराठीत माणसाला ‘पाणीदार’ म्हणतो ना, तसंच धारेचंही असतं. पाणी नेमकं कुठल्या क्षणी द्यायचं यातच सगळं आलं. ते भाच्याच्या व्हिडिओत होतं का? होतं, सगळं होतं. पण रंग स्क्रीनवर वेगळा दिसतो आणि ऐरणीवर वेगळा.

2018 मध्ये आदिलाबादच्या डोकरा कामाला भौगोलिक मानांकन मिळालं, आनंदच झाला. पण बाबांसारख्या लोहाराच्या कामाला मानांकन नाही, प्रदर्शनही नाही. बाजारात कारखान्याचा विळा स्वस्त मिळतो, वखराऐवजी ट्रॅक्टर आला, आणि लोहाराची पोरं वेल्डिंगच्या दुकानात किंवा हैदराबादला. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पोट आधी. पण कोनसमुद्रमला जे झालं तेच आता या दुसऱ्या, साध्या विद्येचं होतंय, आणि या वेळी ते आपल्या डोळ्यांदेखत होतंय. तेव्हा व्हॉयसीने निदान चार पानं लिहून ठेवली. आज आपल्या सगळ्यांच्या खिशात कॅमेरा आहे.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. घरातल्या कुणाला लोहारकामाची हौस असेल तर गॅसची भट्टी जरूर करू द्या, पण तिच्या आधी चार रविवार गावच्या लोहाराकडे बसवा. आणि फुकट नाही. त्यांच्या दिवसाची मजुरी द्या, शिकवणीची फी देतो तशी. पूर्वी बलुतं देत होतोच की आपण.

दुसरं, तुमच्या गावच्या लोहाराबद्दल खाली लिहा. भट्टी कुठं होती, कोणती अवजारं करायचे, फाळाला आणि पासेला तुमच्याकडे काय म्हणायचे, बलुतं किती पायली होतं. शेताच्या बांधावर तो काळा जड दगड कुणाकडे असेल तर त्याचा फोटो टाका आणि गावाचं नाव लिहा. दगड मात्र जागेवरच राहू द्या.

बाबांच्या भट्टीवर भाचा आता दर रविवारी जातो. त्यांनी अजून त्याला घण दिलेला नाही. सध्या नुसता भाता.