गॅरेजमध्ये जुन्या ट्रकचं नुकसान झालं, तर भरपाई कोण देणार?

हळद-सोयाबीनच्या हंगामात हिंगोली जिल्ह्यातला ट्रक चार दिवस उभा राहिला, तरी मालकाचं भाडं बुडतं. त्यात ऑईल बदलायला दिलेल्या डिझेल ट्रकचं इंजिनच जाम झालं तर? गॅरेजवाला म्हणतो, "गाडीच जुनी होती." पण कायद्यापुढे एवढं उत्तर पुरत नाही. निष्काळजीपणामुळे नुकसान झालं असेल, तर भरपाई गॅरेजच्या मालकाने द्यायची, चूक कामावरच्या मिस्त्रीची असली तरीही. मात्र ती चूक दाखवून देणं ट्रकमालकाकडे असतं.

जबाबदारी कशी ठरते?

भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 151 नुसार, ताब्यात दिलेल्या वस्तूची शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावी लागते. ड्रेन नट सैल राहिला, ऑईल गळलं आणि इंजिन जाम झालं, तर दोष गॅरेजचा. पण ज्या भागाला हातच लावला नव्हता, तो झिजून पुढे तुटला, तर खर्च मालकाचा. वाहन विम्यातूनही साधारणपणे यांत्रिक बिघाड आणि झीज यांची भरपाई मिळत नाही.

किती मिळते?

चुकीमुळे थेट झालेलं नुकसान मागता येतं. जुन्या इंजिनाच्या बदल्यात कोरं इंजिन मिळेलच असं नाही, कारण आधीची झीज हिशेबात धरली जाऊ शकते. बुडालेल्या भाड्यासाठी बुकिंग किंवा आधीच्या फेऱ्यांच्या पावत्या लागतात.

ग्राहक आयोगात जाता येतं का?

ट्रक व्यवसायासाठी असल्याने 'तुम्ही ग्राहकच नाही' असा बचाव घेतला जातो. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी ट्रक असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मालकाला ग्राहक मानतो. स्वतः ट्रक चालवणारा मालक ग्राहक ठरतो आणि एखाद-दुसरा मदतनीस ठेवल्याने हा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच स्पष्ट केलं. चालक ठेवून अनेक ट्रक चालवणाऱ्याला मात्र बहुधा दिवाणी न्यायालयात जावं लागतं.

दुरुस्ती नांदेडला झाली असली, तरी हिंगोलीत राहणारा मालक हिंगोलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू शकतो. मुदत 2 वर्षांची असते. दुरुस्तीसाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावण्याची सक्ती नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

लगेच काय करावं?

- ट्रक देतानाच कामाची यादी लिहून घ्यावी, किलोमीटर रीडिंगसह फोटो काढावेत.
- बिल नसेल, तर यूपीआयचे व्यवहार आणि व्हॉट्सअॅप संदेश जपून ठेवावेत.
- बिघाड झाल्यावर इंजिन घाईने उघडू नये. दुसऱ्या जाणकार मिस्त्रीकडून तपासून कारण लेखी घ्यावं, बदललेले भाग सांभाळून ठेवावेत.
- गॅरेजला लेखी नोटीस द्यावी.
- केलेल्या कामाची मजुरी थकली असेल, तर कलम 170 नुसार गॅरेज ट्रक अडवून ठेवू शकतं. अशा वेळी 'तक्रार कायम ठेवून पैसे देत आहे' असं लिहून पैसे भरून ट्रक सोडवता येतो.

ट्रक जुना असणं हा गुन्हा नाही. खरा प्रश्न एकच असतो: गॅरेजमध्ये शिरताना ट्रक कसा होता आणि बाहेर पडताना कसा झाला? त्याचा पुरावा ज्याच्याकडे, त्याची बाजू भक्कम.