राहायचे तीन पौंड



आपल्या नगरच्या किल्ल्याचा विषय निघाला की आपण चांदबिबीचं बोलतो, नाहीतर १९४२ साली नेहरू, पटेल, मौलाना आझाद तिथं कैदेत होते त्याचं. मधली एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. १९०१ च्या सुमाराला इंग्रजांनी या किल्ल्यात बोअर लोक आणून डांबले होते. बोअर म्हणजे दक्षिण आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मूळचे डच शेतकरी. इंग्रजांशी लढाईत पकडले गेले आणि बोटीतून थेट आपल्याकडे आले. त्यांना ना पासपोर्ट, ना व्हिसा. कैद्याचा प्रवास सरकारी खर्चानं होतो!

हे आज आठवायचं कारण आमच्या गटाची बैठक. एकीच्या लेकीचं लग्न ठरलंय, मुलगा इंग्लंडचा नागरिक. आपल्याकडचा ३६ पानी पासपोर्ट १५०० रुपयांत होतो, दहा वर्षं चालतो. घाई असेल तर तत्काळचे आणखी २०००. इथवर सगळं समजलं. पुढचे आकडे ऐकून मात्र आम्ही गप्प झालो. तिकडच्या नागरिकाला बायको बाहेरून न्यायची तर आधी वर्षाची कमाई दाखवावी लागते. ती अट १८,६०० पौंड होती, एप्रिल २०२४ पासून २९,००० झाली. व्हिसाची फी वेगळीच. त्यावर दवाखान्याचा आकार, वर्षाला ६२४ पौंड होता, तो २०२४ च्या फेब्रुवारीत १०३५ झाला. इंग्रज माणूस परदेशात नोकरीला असेल, तिथंच लग्न केलं असेल, तरी बायकोला मायदेशी नेताना त्यालाही हीच अट.

बैठकीतल्या एक मावशी म्हणाल्या, "अगं, तिकिटाचे पैसे समजले. नुसतं राहायचे पैसे कसले?"

मावशींचा प्रश्न जुना आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच देशाच्या माणसांनी तो विचारला होता, आणि तोही त्या बोअरांच्या शेजारी, नाताळ नावाच्या इंग्रजी वसाहतीत.

नाताळमध्ये उसाचे मळे होते. १८६० पासून तिथं हिंदुस्थानातून मजूर जाऊ लागले. बहुतेक तामिळ, तेलुगू आणि बिहारकडचे. करार पाच वर्षांचा. करार म्हणजे इंग्रजीत ॲग्रिमेंट, आपल्या लोकांच्या तोंडी त्याचं 'गिरमिट' झालं. पगार पहिल्या वर्षी महिना १० शिलिंग, मग दरवर्षी एकेक शिलिंग वाढून शेवटी १४. पाच वर्षं संपली की माणूस मोकळा. मग कुणी भाजीपाला पिकवला, कुणी डोक्यावर टोपली घेऊन विकला, आणि गोऱ्या व्यापाऱ्यांना ते खुपायला लागलं. मजूर हवा होता, शेजारी नको होता.

म्हणून १८९५ साली नाताळनं कायदा केला. करार संपल्यावर एकतर गावी परत जा, नाहीतर पुन्हा करार करा. दोन्ही नको असेल तर दरवर्षी राहण्याचा परवाना काढा, त्याची फी माणशी तीन पौंड. नाताळवाल्यांना खरं तर २५ पौंड हवे होते. इथल्या व्हाइसरॉयनं, लॉर्ड एल्गिननं, तीनला मान्यता दिली. म्हणजे आपल्या माणसांवरच्या या फीला संमती आपल्याच देशाच्या सरकारची होती. हे आम्हाला सगळ्यात जास्त लागलं.

आता बचत गटातल्या बायकांसारखा हिशेब मांडू. एका पौंडाचे वीस शिलिंग. पुढं कायद्यात मुलंही आली, सोळाच्या वरचा मुलगा आणि तेराच्या वरची मुलगी. नवरा, बायको, एक मुलगा, एक मुलगी असं घर धरा. चौघांचे झाले १२ पौंड, म्हणजे २४० शिलिंग. करारातला सगळ्यात चांगला पगार महिना १४, वर्षाचे १६८. वर्षभराची सगळी मजुरी ओतली तरी राहायची फी फिटत नाही. भरली नाही तर तुरुंग. मग सुटका कशात? पुन्हा मळ्यावर करार करण्यात. पाथर्डी-शेवगावकडून कोयता घेऊन जाणाऱ्या आपल्या बायकांना हे समजावून सांगायला नको. उचल फिटत नाही म्हणून पुढच्या हंगामाला पुन्हा त्याच मुकादमाकडे जावं लागतं ना, तसंच. फरक एवढाच, की इथली उचल आधी हातात तरी पडते.

ही माणसं कागदोपत्री ब्रिटिश प्रजाच होती, बरं का. राणीच्या एका मुलखातून राणीच्याच दुसऱ्या मुलखात गेलेली.

१९१० साली नाताळ, बोअरांचा ट्रान्सवाल वगैरे मिळून एकच राज्य झालं आणि बोअरांचा सेनापती बोथा तिथला पंतप्रधान. ज्याचे देशबंधू आपल्या किल्ल्यात कैदी होते, त्याच्याशी बोलायला १९१२ साली गोपाळ कृष्ण गोखले गेले. जोहान्सबर्गला कोकणी मुसलमान आणि काही महाराष्ट्रीय हिंदू होते, त्यांना गोखल्यांचं भाषण मराठीतून ऐकायचं होतं. गांधीजी म्हणाले, मी भाषांतर करतो. गोखल्यांना हसू आवरेना, तुम्हाला मराठी कुठं येतं? पण जमलं, आणि पुढं तर आपल्या लोकांच्या सभांत ते मराठीतूनच बोलत गेले. बोथांना भेटून आल्यावर कर जाणार अशी गोखल्यांची खात्री झाली होती. पुढच्या वर्षी तिथलं सरकार म्हणालं, असा शब्द आम्ही दिलाच नव्हता.

त्याच १९१३ सालच्या मार्चमध्ये केपच्या कोर्टात न्यायमूर्ती सर्ल यांचा निकाल लागला. ज्या धर्मात एकाहून जास्त बायका करता येतात, त्या धर्माचं लग्न इथं लग्न नाही. एका फटक्यात हिंदू, मुसलमान, पारशी बायका कायद्यानं बायकोच राहिल्या नाहीत. मग बायका उठल्या. सप्टेंबरात कस्तुरबा आणि आणखी तिघी परवाना न घेता ट्रान्सवालची हद्द ओलांडून गेल्या, तीन महिने सक्तमजुरी झाली. ट्रान्सवालमधल्या ११ बायका उलट दिशेनं नाताळात शिरल्या. बहुतेक तामिळ, काहींच्या कडेवर तान्ही मुलं. न्यूकॅसलच्या कोळसा खाणींवर जाऊन त्या मजुरांना सांगू लागल्या, तीन पौंड रद्द होईपर्यंत काम बंद करा. आणि खाणी बंद पडल्या. ६ नोव्हेंबरला मोर्चा निघाला, त्यात २०३७ पुरुष, १२७ बायका आणि ५७ मुलं होती. इकडे गोखले मधुमेहानं खंगलेले, तरी गावोगावहून पैसा गोळा करून तिकडं धाडत होते.

१९१४ च्या मध्यावर कायदा झाला. तीन पौंड रद्द, मागची थकबाकी माफ. एका नवऱ्याची एक बायको एवढ्यापुरतं आपलं लग्नही मान्य झालं.

वल्लिअम्मा मुनुस्वामी या सोळा वर्षांच्या मुलीला ते बघायला मिळालं नाही. जोहान्सबर्गची पोर, सत्याग्रहात नाताळात येऊन तुरुंगात गेली. तिथं ताप भरला. सुटली ती हाडांचा सापळा होऊन, आणि २२ फेब्रुवारी १९१४ ला गेली. गांधीजींनी तिला विचारलं होतं, तुरुंगात गेल्याचा पस्तावा होतो का. ती म्हणाली, अजून जायची तयारी आहे.

तीन पौंड फक्त नाताळात, करार संपलेल्या मजुरांवर होते. वल्लिअम्माला ते कधी भरावे लागणारच नव्हते.