तंजावरचे नेत्ररोगी आणि सरफोजी राजे

गतवर्षी आमच्या घरच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांच्या प्रोस्टेट ग्रंथीत कर्करोग आहे किंवा कसे, हे पाहण्यासाठी सुईने नमुना घ्यावा लागला. क्रिया लहान; तेवढी जागा बधिर करून थोडक्या वेळात आटोपणारी. टोचणीच्या औषधाने आपले काम चोख बजावले. तरी बाहेर आल्यावर ते म्हणाले, "दुखले फारसे नाही रे. पण जागा होतो, त्यांचे बोलणे कळत नव्हते, आणि आता पुढे काय, या धास्तीनेच अर्धा झालो." परमुलखात नोकरी करणाऱ्या आम्हां मराठी माणसांस हा अनुभव अपरिचित नाही. त्या दिवशी आम्हांस तंजावरच्या सरफोजी राजांचे स्मरण झाले.

दुसरे सरफोजी 1798 मध्ये गादीवर आले आणि पुढल्याच वर्षी झालेल्या तहाने राज्यकारभार इंग्रजांच्या हाती गेला. सत्ता गेलेल्या या राजाने आपले चित्त विद्येकडे वळविले. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या सरफोजींनी सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह वाढविला, आणि धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्य वैद्यकास एकत्र नांदविले. त्यांच्या आश्रयाखाली उपचार झालेल्या नेत्ररोग्यांची टिपणे सरस्वती महालात जतन केलेली आहेत. रोगी कोण, विकार कोणता, उपचार काय केला, हे त्यांत नोंदलेले असून जोडीला रोग्यांच्या डोळ्यांची चित्रेही आहेत.

ही चित्रे ज्या काळातली, त्या काळी वेदना थांबविण्याचे साधन नव्हते, हे ध्यानात घेतले पाहिजे. सरफोजी 1832 मध्ये निवर्तले. ईथरची गुंगी देऊन केलेली शस्त्रक्रिया बोस्टन येथे जगापुढे आली ती 1846 मध्ये. आणि कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो, हे व्हिएन्नाच्या कार्ल कोलरने दाखविले ते 1884 मध्ये. तोवर मोतीबिंदूच्या रोग्यास शस्त्र डोळ्यापुढे येताना पाहावे लागे आणि तरीही निश्चल राहावे लागे. सुश्रुताने शस्त्रकर्मापूर्वी रोग्यास जेवू घालावे व मद्य घेणाऱ्यास तीक्ष्ण मद्य पाजावे असे सांगितले; शस्त्र चालविल्यावर थंड पाण्याने त्यास आश्वस्त करावे, असेही सांगितले. औषध तोकडे होते, तेव्हा रोग्याचा धीर हेच वैद्याचे मोठे साधन होते.

हा धीर कसा द्यावा, याची जाण सरफोजींच्या एका पत्रात दिसते. तंजावर प्रांतातील छत्रांची व्यवस्था आपल्याकडेच राहावी, म्हणून 1801 मध्ये त्यांनी इंग्रज रेसिडेंटास लिहिले. वाटसरूंस तेथे अन्न मिळे, हे तर त्यांनी सांगितलेच. परंतु वाटेत आजारी पडलेल्यास औषध मिळते, तो बरा होईपर्यंत त्याची आदराने शुश्रूषा होते, प्रसूत झालेली स्त्री तीन महिने तेथे राहू शकते, हेही आवर्जून कळविले. राज्य गमावलेला राजा परक्या सत्तेपुढे ज्या गोष्टीसाठी शब्द टाकतो, तीत त्याचे मन दिसते.

आणखी एक गोष्ट आम्हांस त्याहून मोलाची वाटते. धन्वंतरी महालातील अनुभवसिद्ध उपचार पुढे 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाने ग्रथित झाले, ते तमिळ पद्यात. राजघराणे मराठी, दरबारची मोडी दप्तरे मराठी, पण रोगी तमिळ. म्हणून औषध तमिळ बोलले. पद्य कानावरून मनात उतरते आणि तेथेच टिकते. रोग्याच्या भाषेत बोलणे हाही उपचाराचाच भाग आहे, हे त्या दरबाराने ओळखले होते, असे आम्ही समजतो.

आता लिग्नोकेन आहे, बारीक सुया आहेत, आतले दाखविणारी यंत्रे आहेत. वेदनेचा मोठा वाटा विज्ञानाने उचलला, याबद्दल कृतज्ञच राहिले पाहिजे. परंतु जागा बधिर झाली तरी माणूस जागाच असतो. आता टोचेल, आता खटका ऐकू येईल, आता संपले, एवढे चार शब्द त्याच्या भाषेत कानी पडले तर त्याची मूठ सैल होते.

दुसऱ्या खेपेस आम्ही रजा काढून वडिलांपाशी उभे राहिलो आणि वैद्यांचे प्रत्येक वाक्य त्यांस मराठीत सांगत गेलो. टोचणी तीच होती. बाहेर येताना मात्र ते स्वतःच्या पायांनी, बोलत बोलत आले.