खुर्ची रिकामी कोणी करायची?

४ जून २०२४ रोजी लोकसभेचा निकाल लागला आणि बारामतीतून सुप्रिया सुळे दीड लाखांहून अधिक मतांनी निवडून आल्या. केवळ बारामती विधानसभा क्षेत्रात त्यांना ४५ हजारांहून जास्त मतांची आघाडी होती. इंदापूरनेही आघाडी त्यांनाच दिली. साडेपाच महिन्यांनी, २३ नोव्हेंबरला, त्याच बारामतीने विरुद्ध गटाच्या अजित पवारांना सुमारे १ लाखाच्या फरकाने आमदार केले आणि इंदापूरने त्यांच्याच गटाच्या दत्तात्रय भरणे यांना. मतदार तेच होते, गावे तीच होती, राष्ट्रवादी काँग्रेसच्या फुटीची जखमही तीच होती.

मुदतीआधी आमदाराला परत बोलावण्याचा अधिकार आपल्याकडे असता तर त्या जूनमध्ये काय झाले असते? सह्यांचे कागद गावोगाव फिरले असते. लोकसभेचे आकडे पुढे करून लोकांनी आमदारांना नाकारले आहे असे ठामपणे सांगितले गेले असते. नोव्हेंबरने दाखवले की लोक दोन वेगळ्या प्रश्नांना दोन वेगळी उत्तरे देत होते. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाने हे उदाहरण हाताशी ठेवावे, असे मला वाटते. परत बोलावणे न्याय्य आहे का, हा प्रश्न वरवर एकच दिसतो. प्रत्यक्षात त्यात तीन प्रश्न आहेत: सुरुवात कोणी करायची, कारण कोणते लागेल आणि शेवटचा शब्द कोणाचा?

महाराष्ट्रात या प्रश्नांना सर्वांत जवळून भिडते ते गाव. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३५ खाली सरपंचावर अविश्वास ठराव आणता येतो. सरपंच सदस्यांमधून निवडला जात असे, तोवर त्याला काढण्याचे कामही सदस्यांचेच होते आणि त्यात विसंगती नव्हती. पण ठरावामागची कारणे कारभाराचीच असत असे नाही. अनेकदा पद वाटून घेण्याचे आधी ठरलेले असे. पहिल्याने वेळेवर राजीनामा दिला नाही की ठराव येई. सदस्य सहलीला जात आणि सभेच्या दिवशीच गाडी पंचायतीच्या दारात येऊन थांबे. मतदाराला हे सारे दुरून पाहावे लागे.

२०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडण्याचा निर्णय झाला आणि त्याबरोबर एक नवी पायरी आली. निवडीनंतरची पहिली दोन वर्षे आणि मुदतीचे शेवटचे सहा महिने ठराव आणता येत नाही. मधल्या काळात तीन चतुर्थांश सदस्यांनी ठराव मंजूर केला तरी सरपंच लगेच पायउतार होत नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर विशेष ग्रामसभा भरते आणि गाव गुप्त मतदानाने त्या ठरावावर निर्णय देते. २०२० मध्ये सरकार बदलल्यावर थेट निवड रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. राज्यकर्त्यांनी आपापल्या सोयीने हे दार उघडले आणि लावले, याची खंत वाटते. तरीही ही ग्रामसभेची पायरी मला आपल्या पंचायत कायद्यातली फार मोलाची गोष्ट वाटते. ज्याने निवडले त्यालाच विचारले जाते, आणि तेही भावकीसमोर हात वर करायला न लावता.

उणीव सुरुवातीच्या टप्प्यात आहे. गावाला ठराव फेटाळता येतो, पण स्वतःहून मांडता येत नाही. सरपंच आणि सदस्य संगनमताने वागले तर ग्रामसभेकडे प्रश्न कधी पोहोचतच नाही. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्येही हीच अडचण आहे. तिथे थेट निवडून आलेल्या नगराध्यक्षाविरुद्ध तीन चतुर्थांश नगरसेवकांनी अर्ज केला की शहरभर मतदान होते; मतपत्रिकेवर ‘भरी कुर्सी’ आणि ‘खाली कुर्सी’ अशी चिन्हे असतात. अनुपपूरच्या मतदारांनी या मार्गाने नगराध्यक्ष हटवल्या आणि २००८ मध्ये छत्तीसगडमधल्या तीन नगरांनीही तेच केले. शिक्का मतदाराच्या हाती होता, पण त्याला मतदान केंद्रापर्यंत बोलावायचे की नाही हे नगरसेवक ठरवत होते. हरियाणाने २०२० मध्ये सरपंचांच्या बाबतीत सुरुवातही मतदारांकडे सोपवली. त्या प्रयोगाचा अभ्यास मराठीत कोणीतरी करायला हवा.

सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये रायबरेलीच्या प्रकरणात थेट निवडून आलेल्या नगराध्यक्षाला नगरसेवकांनी काढणे वैध ठरवले. कायदा म्हणून ते मान्यच करावे लागते. पण वैध आणि न्याय्य यांच्यामधले अंतर मोजण्यासाठीच आपण हा विषय वाचतो.

हे अंतर स्त्री सरपंचांच्या बाबतीत सर्वांत जास्त दिसते. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांना सरकारी जागेतल्या घराचे कारण दाखवून अपात्र ठरवले गेले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पदावर परत बसवले आणि बाई सरपंच झाली हेच गावकऱ्यांना पचले नव्हते असे स्पष्ट म्हटले. अविश्वास ठरावाचा मार्ग अरुंद केला की लोक अपात्रतेच्या मार्गाने जातात. म्हणून नुसत्या ठरावांचा अभ्यास पुरत नाही. अपात्रतेचे अर्जही सोबत वाचावे लागतात.

आमदार-खासदारांसाठी या अधिकाराची मागणी जुनी आहे. जयप्रकाश नारायणांनी ती १९७४ च्या आंदोलनात केली. त्याच वर्षी सी. के. चंद्रप्पन यांनी लोकसभेत विधेयक मांडले, ते मंजूर झाले नाही. २०११ मध्ये राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंनी ती पुन्हा लावून धरली, तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी यांनी अस्थिरतेचा इशारा दिला. तो इशारा मला गंभीर वाटतो. २०२५ च्या उन्हाळ्यात तैवानमध्ये विरोधी पक्षाच्या ३१ लोकप्रतिनिधींना परत बोलावण्यासाठी मतदान झाले आणि एकही हटला नाही. हरलेली निवडणूक पुन्हा लढण्याचे साधन झाले की हा अधिकार असा वाया जातो. ब्रिटनचा २०१५ चा कायदा वेगळ्या वाटेने जातो. खासदाराला तुरुंगवास झाला, भत्त्यांचे खोटे दावे केल्याबद्दल तो दोषी ठरला किंवा सभागृहाने त्याला ठरावीक काळ निलंबित केले, तरच सह्या मागवल्या जातात. दहा टक्के मतदारांनी सह्या केल्या की पोटनिवडणूक होते. आपल्याकडे आमदारांसाठी असे एकच कारण ठरवायचे झाले तर ते पक्षांतराचे असावे, असे माझे मत आहे. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादीच्या आमदारांनी बाजू बदलल्या. त्याबद्दल बोलायला मतदाराला नोव्हेंबर २०२४ पर्यंत थांबावे लागले आणि मधल्या काळात पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टाखालचा निवाडा विधानसभाध्यक्षांच्या दालनात होत राहिला. तो प्रश्न मतदारसंघात यायला हवा होता. बारामती आणि इंदापूरने कदाचित नोव्हेंबरचेच उत्तर आधी दिले असते. तेही उत्तर त्यांचेच असते.

या अभ्यासासाठी दूर जावे लागत नाही. ग्रामपंचायतीचे प्रोसिडिंग बुक, तहसीलदारांनी काढलेल्या विशेष सभेच्या नोटिसा, जिल्हाधिकाऱ्यांपुढे गेलेले वाद हे सारे तालुक्याच्या ठिकाणी किंवा पुण्यात मिळते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती हे साखर कारखानेही वगळू नयेत, कारण ऊस उत्पादक सभासद संचालक निवडतो, पण अध्यक्षावरचा अविश्वास संचालक मंडळात ठरतो. म्हणजे ग्रामपंचायतीचा २०१७ पूर्वीचा प्रश्न तिथे अजून जिवंत आहे. आणि पुणे जिल्हा परिषदेची ती वर्षेही पाहावीत, जेव्हा मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि निवडणुकीऐवजी प्रशासक आले, ते तीन वर्षांहून अधिक काळ राहिले. निवडून न आलेल्या त्या माणसाला परत बोलावण्याची मागणी मतदाराने कोणाकडे करायची, हे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.