मुक्त साहित्य आणि कल्पनाखेळ

एका वस्तूला दुसरी वस्तू मानून किंवा स्वतः दुसरी व्यक्ती होऊन लहान मुले जो खेळ खेळतात, त्यास कल्पनाखेळ म्हणतात. भातुकली, दुकान-दुकान, शाळा-शाळा ही त्याची महाराष्ट्रातील परिचित रूपे होत. खडे, काड्या, पाने, माती, कापडाचे तुकडे, रिकामी खोकी यांसारख्या ज्या वस्तूंचा उपयोग आधी ठरलेला नसतो, त्यांना मुक्त साहित्य असे संबोधले जाते. बालवाडी आणि अंगणवाडीतील तीन ते सहा वर्षांची मुले अशा साहित्यातून हे खेळ रचतात.

स्वरूप व महत्त्व

खेळण्यातील मोटार बहुधा मोटारच राहते. लाकडी ठोकळा मात्र कधी मोटार, कधी साबण, तर कधी भाकरी होतो. हा अर्थ मुलांना आपसांत ठरवावा लागतो. दगड म्हणजे बटाटा, हे सर्व खेळगड्यांनी मान्य केले तरच त्यांचा बाजार भरतो. त्यासाठी बोलणे, ऐकणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे आणि ठरलेली भूमिका निभावणे आवश्यक असते.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोट्स्की यांच्या मते, काठीला घोडा मानणारे मूल वस्तू आणि तिचा अर्थ यांना एकमेकांपासून वेगळे करू लागते. अक्षर हेही ध्वनीचे चिन्हच असल्याने त्यांनी कल्पनाखेळाचा संबंध पुढील लेखनाशी जोडला. ब्रिटिश कलावंत सायमन निकल्सन यांनी १९७१ मध्ये 'सुट्या भागांचा सिद्धान्त' मांडला. परिसरात हलवता व बदलता येणाऱ्या वस्तू जितक्या अधिक, तितका सर्जनशीलतेला वाव अधिक, असे त्याचे सूत्र आहे. मारिया माँटेसरी यांनी मात्र कल्पनाखेळापेक्षा प्रत्यक्ष कामाला अधिक महत्त्व दिले होते.

महाराष्ट्रातील परंपरा

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे हे कार्य कोसबाड येथे विस्तारले व त्यात अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांचा मोठा वाटा होता. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी परिसरातील वस्तूंचा वापर करून त्यांनी बालशिक्षण आदिवासी पाड्यांपर्यंत नेले. साधनांअभावी बालशिक्षण अडत नाही, हा या कार्याचा धडा आहे.

गोंदिया जिल्हा

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात भाताचे तणस, बांबू, पळसाची पाने, तलावकाठची माती असे साहित्य सहज मिळते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात साजऱ्या होणाऱ्या तान्ह्या पोळ्यात मुले लाकडी बैल सजवून मिरवतात. वडीलधाऱ्यांच्या शेतीजीवनाचे ते बालरूप होय. जिल्ह्यात मराठीबरोबर पोवारी, गोंडी, हिंदी इत्यादी भाषा बोलल्या जातात. कल्पनाखेळात मूल घरची भाषा निःसंकोच वापरू शकते. त्यामुळे वर्गात अबोल दिसणाऱ्या मुलाचे भाषासामर्थ्य शिक्षिकेला खेळाच्या वेळी कळू शकते.

शिक्षिकेची भूमिका व दक्षता

साहित्य मांडणे, पुरेसा वेळ देणे आणि निरीक्षण करणे ही शिक्षिकेची मुख्य कामे होत. प्रत्येक वस्तूचे 'खरे' नाव विचारल्यास किंवा खेळाची गोष्ट मोठ्यांनी ठरवून दिल्यास खेळाचे पाठांतर होते. गुंज व एरंड यांच्या बिया विषारी असल्याने त्या साहित्यात नसाव्यात. अगदी लहान मुलांना नाका-तोंडात जातील अशा बारीक वस्तू देऊ नयेत.

हेही पाहा: भातुकली, अंगणवाडी, तान्हा पोळा