लोकनायक अणे आणि वऱ्हाडचा प्रश्न : विरोधी राजकारणाची एक मीमांसा

वाशीम हा वऱ्हाडच्या जुन्या सहा जिल्ह्यांपैकी एक जिल्हा होय. वाशीम, मंगरूळ व पुसद हे त्याचे तीन तालुके. १९०५ च्या पुनर्रचनेत हा जिल्हा मोडण्यात आला. वाशीम व मंगरूळ अकोल्यास जोडले गेले, पुसद यवतमाळकडे गेले. त्यापूर्वीच १९०२ च्या कराराने निजामाचा हा मुलूख सालिना पंचवीस लक्ष रुपयांच्या खंडाने ब्रिटिशांकडे कायमचा आला होता व १९०३ मध्ये तो मध्यप्रांतास जोडला गेला होता. ह्या तिन्ही प्रसंगी प्रजेची संमती घेण्याचे कोणास कारण पडले नाही. लोकनायक माधव श्रीहरी तथा बापूजी अणे (१८८०–१९६८) ह्यांच्या राजकारणाचा अर्थ लावताना ही पार्श्वभूमी प्रथम ध्यानी घेणे अवश्य आहे.

अणे ह्यांचा जन्म वणीचा, वकिली यवतमाळची, राजकीय दीक्षा टिळकांची. त्यांच्या चरित्रावर धरसोडीचा आक्षेप सहज घेता येईल. काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपद भूषविणारा हा पुरुष काँग्रेसविरुद्ध पक्ष काढतो, कायदेभंगात तुरुंगात जातो, पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसतो आणि अखेरीस राज्यपालपद उपभोगल्यानंतर अपक्ष म्हणून विरोधी बाकावर येतो. ह्या वरवर विसंगत दिसणाऱ्या वर्तनात काही सूत्र आहे काय, हा येथील विचाराचा विषय आहे.

१९१९ च्या सुधारणा-कायद्यानंतर मध्यवर्ती कायदेमंडळात वऱ्हाडला जागा मिळाली. तथापि हा मुलूख कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नसल्यामुळे मतदारांनी निवडलेल्या प्रतिनिधीस सरकारने ‘नियुक्त’ करावे, अशी तोड काढण्यात आली. १९२४ मध्ये अणे त्या मंडळात गेले ते अशा रीतीने : लोकांनी निवडलेले, पण कागदोपत्री सरकारनियुक्त. प्रतिनिधी नेमका कोणास उत्तरदायी, हा प्रश्न इतर प्रांतांतील पुढाऱ्यांना तात्त्विक वाटला असेल. वऱ्हाडच्या प्रतिनिधीस तो नित्याचा होता.

१९२५ मध्ये वऱ्हाडचेच श्रीपाद बळवंत तांबे ह्यांनी मध्यप्रांताच्या गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली. स्वराज्य पक्षात त्यावरून फूट पडली. मोतीलाल नेहरूंनी निषेध केला, तर केळकर, जयकर, मुंजे व अणे हे टिळकांच्या प्रतियोगी सहकाराच्या तत्त्वाकडे वळले. फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोला येथे प्रतिसहकार पक्षाची उभारणी झाली. अधिकारपद लोकहितास उपयोगी असेल तोवर घ्यावे, नसेल तेव्हा सोडावे, ही त्यांची भूमिका होती. तीत पक्षाज्ञेपेक्षा प्रतिनिधीच्या विवेकास अधिक वाव होता, हे उघड आहे.

तथापि प्रतिसहकार म्हणजे मवाळपणा नव्हे, ह्याचा प्रत्यय १९३० मध्ये आला. त्या वर्षीच्या १० जुलै रोजी अणे ह्यांनी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडला व कारावास पत्करला. मिठाच्या प्रश्नापेक्षा चराई, सरपण व गवत ह्यांवरील निर्बंध येथील शेतकऱ्यास अधिक जाचक होते. जुन्या वाशीम जिल्ह्याच्या ह्या भागात सुरू झालेला जंगल-सत्याग्रह स्थानिक दुःखाला राष्ट्रीय आंदोलनाशी जोडणारा ठरला.

१९३३ मध्ये हंगामी अध्यक्ष ह्या नात्याने सामुदायिक कायदेभंग थांबविल्याची घोषणा त्यांनाच करावी लागली. पुढील वर्षी जातीय निवाडा न स्वीकारण्याचा व न नाकारण्याचा पवित्रा काँग्रेसने घेतला, तेव्हा मालवीय व अणे ह्यांनी वेगळे होऊन काँग्रेस राष्ट्रीय पक्ष स्थापिला. विरोधाचे कारण व्यक्ती नव्हती. महत्त्वाच्या प्रश्नावर मौन पाळणे त्यांस प्रतिनिधिधर्माशी विसंगत वाटले.

१९४१ मध्ये कार्यकारी मंडळात केलेला प्रवेश मात्र ह्या सूत्राची कठीण कसोटी ठरतो. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसचे नेते कारागृहात गेले, तरी अणे अधिकारपदावर राहिले. ही गोष्ट समर्थनास अवघड आहे, आणि चरित्रकाराने ती झाकू नये. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणप्रसंगी होमी मोदी व नलिनीरंजन सरकार ह्यांच्यासह त्यांनी राजीनामा दिला. पद सोडण्याचे तत्त्व येथे पाळले गेले खरे. परंतु पद केव्हा सोडावे हे ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपविणाऱ्या विचारसरणीची उणीवही येथेच प्रकट झाली.

स्वातंत्र्यानंतर १९४८ ते १९५२ ह्या काळात ते बिहारचे राज्यपाल होते. राज्यपुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. ती डावलून १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. ह्याच प्रश्नावर ऐंशीच्या उंबरठ्यावरील अणे १९५९ मध्ये नागपूरच्या पोटनिवडणुकीत अपक्ष म्हणून विजयी झाले व १९६२ मध्ये पुन्हा निवडून आले. विदर्भ राज्य झाले नाही. परंतु सन्मानाने निवृत्त होऊ शकणाऱ्या पुरुषाने मतदारांपुढे जाऊन कौल मागावा, ह्यात त्यांच्या राजकारणाचे मर्म दिसून येते : मुलुखाची वाटणी करणाऱ्यांनी मुलुखास विचारले पाहिजे.

पुढे १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. २००९ पासून वाशीम व पुसद एकाच, यवतमाळ-वाशीम ह्या लोकसभा मतदारसंघात मतदान करू लागले, तर अणे ह्यांची वणी चंद्रपूर मतदारसंघात गेली. सीमा कोणी व कोणास विचारून आखाव्यात, हा अणे ह्यांनी आयुष्यभर लावून धरलेला प्रश्न विदर्भाच्या इतिहासाच्या अभ्यासकास म्हणूनच टाळता येत नाही.